हजेरी

मागच्या आठवड्यात पुतण्याच्या साखरपुड्याला सगळे जमलो होतो. जेवणं उरकली, पानसुपारी झाली आणि कुणीतरी पेपर उघडला. आमच्या घरात पेपर उघडला की वाद ठरलेला. बातमी चार ओळींची होती. दुचाकी चोरणाऱ्या टोळीतले तिघे नगर, पुणे आणि बीड या तीन जिल्ह्यांतून दोन वर्षांसाठी तडीपार. (जिल्ह्याचं नाव २०२४ साली कागदोपत्री अहिल्यानगर झालं, पण जिभेला जुनीच सवय आहे. सांभाळून घ्या.)

अण्णा म्हणाला, "तडीपार करून काय होणार? तिकडं जाऊन चोऱ्या करतील. त्यांचे इकडं येतील, आपले तिकडं जातील." यावर सगळे हसले. तसं त्यात खोटं काही नाही. नगरचा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आणि त्याच्या सीमेला सात जिल्हे लागलेले. आपण आपला उपद्रवी माणूस शेजाऱ्याच्या अंगणात सोडायचा, शेजाऱ्याने त्याचा आपल्या अंगणात. मग अण्णाने उपाय सांगितला. "त्यापेक्षा पायात ते जीपीएसचं कडं अडकवा आणि चोवीस तास नजर ठेवा. कसे सुधारत नाहीत बघू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एरवी मीही डोलावली असती. पण बातमीतलं तिसरं नाव माझ्या हजेरीपटावर होतं. आठवीच्या वर्गात, मागून दुसरा बाक, खिडकीकडची बाजू.

श्रीगोंदा तालुक्यातल्या एका शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं. हा मुलगा फासेपारध्यांच्या पालावरचा. त्या पालावरून आठवीपर्यंत टिकलेला तो पहिलाच. गणित बरं होतं, अक्षर वाईट. नववीत शाळा सुटली. पुढे सुप्याच्या एमआयडीसीत कंत्राटदाराकडे रोजावर लागला, असं कळलं. मग एक दिवस कळलं की दुचाकीच्या चोरीत धरला. तीन गाड्यांचे तीन गुन्हे. जामिनावर सुटल्यावर भेटला तेव्हा मी मास्तरकीच्या आवाजात विचारलं, खरं काय ते सांग. म्हणाला, "सर, एक माझी हाये. दोन त्यांनी घातल्या."

यातलं किती खरं हे मला ठरवता आलं नाही. पण एक त्याने कबूल केली हे माझ्या लक्षात राहिलं.

जामिनाची अट अशी होती की दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी दहा ते बारा ठाण्यात हजेरी. वाचायला अगदी सोपी अट. पण सोमवारी साहेब बंदोबस्ताला गेलेले, गुरुवारी वही सापडत नाही, "थांब जरा". दहाचे तीन वाजायचे. म्हणजे आठवड्यातले दोन रोज बुडाले. कंत्राटदाराने महिनाभर चालवून घेतलं, नंतर दुसरा माणूस ठेवला. कंत्राटदाराचं तरी काय चुकलं? म्हणजे चोरी करू नये म्हणून ठेवलेल्या नजरेने त्याचं पहिलं काय नेलं असेल, तर चोरी न करता पोट भरायचा धंदा. हा मुद्दा मी अण्णाला सांगायला हवा होता. तेव्हा सुचला नाही. वादात मला सगळं घरी परतल्यावर सुचतं.

हजेरी हा शब्द त्या पालाला नवा नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जन्माला येणारं मूलच गुन्हेगार म्हणून नोंदवायचं. गावच्या पाटलाकडे किंवा चौकीवर हजेरी, काही ठिकाणी दिवसातून दोनदा. गाव सोडायचं तर पास. पास नसताना सापडला तर तुरुंग. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाची मोठी वसाहतच होती. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' ज्यांनी वाचलं असेल त्यांना हे सांगायची गरज नाही. स्वतंत्र भारतात १९५२ साली हा कायदा रद्द झाला, ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात तो त्याचाच. पण लगेच सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. जमातीचं नाव गेलं, वही राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातिभेदाच्या नियमांवर निकाल दिला, त्यातही या विमुक्त जमातींना 'सराईत' ठरवण्याच्या सवयीचा समाचार घ्यावा लागला. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी!

म्हणजे अण्णा म्हणतो ती 'चोवीस तास नजर' आपण करून बसलो आहोत. एका इलाख्यात, पिढ्यान्‌पिढ्या, माणसामागे माणूस लावून. त्याने कोण सुधारलं? जो सुधारला तो हजेरी चुकवून कुठेतरी कामाला लागला म्हणून सुधारला असेल.

हे आपल्याकडचं, जुनं, जातीच्या चौकटीतलं म्हणून बाजूला ठेवू. अमेरिकेचं पाहू, कारण अण्णाला अमेरिकेचं पटतं. (धाकटी पाती तिकडे आहे.) तिथे तुरुंग भरून वाहायला लागले तेव्हा १९८० च्या दशकात एक युक्ती निघाली. धोक्याचा वाटणारा गुन्हेगार तुरुंगात न ठेवता बाहेर ठेवायचा, पण करड्या देखरेखीखाली. आपल्याकडे प्रोबेशन म्हटलं की बँकेत चिकटलेल्या पोराचे पहिले सहा महिने आठवतात. कायद्याच्या मराठीत त्याला परिवीक्षा म्हणतात. शिक्षा न भोगवता, अटींवर, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली मोकळं सोडणं. जॉर्जिया राज्याने १९८२ मध्ये दोन अधिकाऱ्यांच्या जोडीकडे फक्त पंचवीस माणसं दिली. आठवड्यातून अनेक भेटी, रात्रीची संचारबंदी, अचानक लघवीची तपासणी. गाजावाजा भरपूर झाला आणि बाकीच्या राज्यांनी कित्ता गिरवला.

मग रँड नावाच्या संशोधन संस्थेने (आपल्या चापेकरांच्या रँडशी हिचा काही संबंध नाही) नऊ राज्यांतल्या चौदा योजना तपासल्या. जोन पीटरसिलिया आणि सुझन टर्नर या दोघी बाई. त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली, काही माणसं करड्या देखरेखीत, काही नेहमीच्या. १९९३ साली निष्कर्ष छापून आले. वर्षभरात करड्या देखरेखीतल्यांपैकी ३७ टक्के पुन्हा अटक झाले आणि नेहमीच्या देखरेखीतले ३३ टक्के. म्हणजे फरक पडला नाही, झालाच तर उलटा. फरक पडला तो दुसरीकडे. अटी मोडल्याची नोंद करड्या देखरेखीत ६५ टक्क्यांवर, नेहमीच्या देखरेखीत ३८. अट मोडली म्हणजे चोरी केली असं नव्हे. वेळेवर आला नाही, रात्री घरी नव्हता, न सांगता पत्ता बदलला, तपासणीत गांजा निघाला. जितकं जास्त बघाल तितकं जास्त दिसतं. वर्गात मीही हे केलेलं आहे. एखाद्या पोरावर डोळा ठेवला की त्याच्या वहीतल्या चुका वाढतात, शेजारच्याच्या वहीत तेवढ्याच असतात पण त्या बघायच्या राहतात. आणि अटी मोडल्या म्हणून माणसं परत तुरुंगात गेली. तुरुंगातली गर्दी कमी करायला काढलेल्या योजनेने तुरुंग भरायला हातभार लावला.

पण त्याच अभ्यासात एक ओळ आहे, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ज्यांना नुसतं पाहिलं गेलं नाही, तर देखरेखीबरोबर काम मिळालं, दारूच्या आणि नशेच्या सवयीवर उपचार मिळाले, त्यांच्यात पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण दहा ते वीस टक्क्यांनी कमी दिसलं. जादू नाही. पण जिथे बाकी कशानेच काही हललं नव्हतं तिथे एवढं हललं.

कॅनडातल्या अँड्र्यूज आणि बोंटा या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं याला जोडून वाचावं. ते म्हणतात, मेहनत घ्यायची तर धोक्याच्या माणसावर घ्या, फायदा तिथे होतो. साध्या, एकदाच पाय घसरलेल्या माणसामागे फार लागलात तर तो बिघडण्याचीच शक्यता. कारण त्याची नोकरी, घर, शेजार हेच त्याला धरून ठेवत असतं आणि तुमच्या बैठका तेच सैल करतात. आपल्याकडे मात्र नेमकं उलटं चालतं. चांगल्या घरचा, पहिलाच गुन्हा, भाऊबंदकीतली मारामारी, असा माणूस असेल तर वकील साहेबांपुढे परिवीक्षेचा अर्ज करतात. धोक्याच्या माणसाच्या वाट्याला पोलिसाची वही किंवा तडीपारी. मधलं काही नाही.

आणि हे मधलं कायद्यात नाही असं समजू नका. मी कायद्याचा माणूस नाही, पण त्या पोरामुळे १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम वाचला. एकोणीस कलमांचा छोटासा कायदा, आणि फार शहाण्या माणसांनी लिहिलेला. तिसरं कलम समज देऊन सोडण्याचं, तिथे आधीची शिक्षा नसावी अशी अट आहे. पण चौथ्या कलमात ती अट नाही! फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेला गुन्हा सोडला तर न्यायालय गुन्ह्याचं स्वरूप आणि माणसाचं शील पाहून त्याला तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर सोडू शकतं, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली निदान वर्षभर ठेवू शकतं. 'पहिलाच गुन्हा' हे आपण वापरून वापरून केलेलं कलम आहे. पाचव्या कलमात त्याच्याकडून नुकसानभरपाई देववायची सोय. चौदाव्यात अधिकाऱ्याची कामं, त्यात योग्य काम मिळवून द्यायचा प्रयत्न करणं हेही आलं. आणि नवव्यात माझं आवडतं. अट मोडली आणि ती पहिलीच वेळ असेल, तर न्यायालय पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र तसंच चालू ठेवू शकतं. १९५८ सालच्या कुणा माणसाला ठाऊक होतं की माणूस एकदा तरी चुकणार. अमेरिकेला हे कळायला चौदा योजना आणि एक ग्रंथ लागला.

पण याच चौथ्या कलमाच्या पोटात एक परंतुक आहे. गुन्हेगाराचा किंवा त्याच्या जामीनदाराचा, न्यायालयाच्या हद्दीत कायमचा पत्ता किंवा नियमित व्यवसाय असल्याची खात्री झाल्याशिवाय सोडता येत नाही.

पालाला कायमचा पत्ता नसतो. गायरानावरचं पाल. दोनदा उठवलेलं, एकदा जळालेलं. नियमित व्यवसाय हजेरीने घालवलेला. उरला जामीनदार.

निकालाच्या आधी तो माझ्याकडे आला होता. बरोबर बायको, तिच्या कडेवर पोर. वकिलांनी सांगितलं होतं की साहेब परिवीक्षेला अनुकूल दिसतात, हद्दीतला एक बरा माणूस उभा करा, सातबारा घेऊन या. माझ्याकडे घर आहे, साडेतीन एकरांचा सातबारा आहे, आणि नोकरी तेव्हा चालू होती. मी "बघू" म्हणालो. हिच्याशी बोललो, ती म्हणाली तुम्हाला पटेल ते करा. अण्णाला फोन केला, तो म्हणाला वेडा आहेस का. तारखेच्या दिवशी मी शाळेत गेलो. त्या दिवशी कधी नव्हे ते एक तास जादाही घेतला.

त्याला वर्षाची शिक्षा झाली. ज्याची गाडी चोरली होती तो दूधवाला होता. गाडी सापडली तेव्हा इंजिन गायब. कर्जाचे हप्ते त्याने तसेच फेडले आणि सहा महिने सायकलवर रतीब घातला. त्याचा राग अगदी खरा आहे आणि तो मी कमी करून सांगणार नाही. पण त्या वर्षाच्या शिक्षेतून त्याला छदाम मिळाला नाही. पाचवं कलम वापरलं असतं तर निदान हप्त्यापुरते महिन्याला काही हाती आले असते. तुरुंगातून पोरगा बाहेर आला तो दोन नव्या ओळखी घेऊन. परवाच्या बातमीतली पहिली दोन नावं त्याच ओळखी आहेत का, मला माहीत नाही. असावीत असं वाटतं.

आता कुणी म्हणेल, मास्तर, तुमच्याच जिल्ह्यातलं कोपर्डी विसरलात काय? नाही विसरलो. २०१६ च्या जुलैत कर्जत तालुका जसा हादरला तसा माझ्या आठवणीत कधी हादरला नव्हता, आणि २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली तेव्हा आमच्या स्टाफरूममध्येही लोक उठून उभे राहिले होते. तसल्या गुन्ह्याला परिवीक्षा नाही, कायदाच ती देत नाही, आणि मीही मागत नाही. माझं म्हणणं त्या माणसांबद्दल आहे जी आज ना उद्या सुटून आपल्याच एसटीत आपल्या शेजारी बसणार आहेत. ती सुटल्यावर त्यांच्यामागे कोण असावं, वही की माणूस, एवढाच प्रश्न.

गंमत म्हणजे विसापूर आमच्याच तालुक्यात. दौंड-मनमाड रेल्वेने नगरला येताना स्टेशन लागतं. सविनय कायदेभंगाच्या काळात इथल्या तुरुंगात सत्याग्रही डांबलेले होते. आता तिथे खुलं कारागृह आहे. मोठ्या शिक्षेचे, काही जन्मठेपेचेसुद्धा, पण वागणूक बघून निवडलेले कैदी तिथे शेती करतात. इकडे पैठणलाही तसंच. या सगळ्याचं मूळ आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी स्वातंत्र्याआधीच, मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अवलियाच्या सल्ल्याने, कैद्यांना भिंतीशिवाय, बायकापोरांसह, जमिनीवर वसवलं. त्यावरून सुचलेला शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' १९५७ चा. लिहिला गदिमांनी, तेही त्याच माणदेशातले. मी तो शाळेत पोरांना पडद्यावर दाखवला होता, आणि सगळ्यांना आठवतो तो बैल. मला आठवतं ते गणित. जेलर एक, खुनी सहा. दोन डोळे, बारा हात. जॉर्जियात दोघांना पंचवीस होते. आपल्या जिल्ह्यातल्या परिवीक्षा अधिकाऱ्याला महिला व बालविकास खात्याची बाकी किती कामं, निरीक्षणगृहातली मुलं, न्यायालयांना अहवाल. त्याच्याकडून कुणा सराईताच्या घरी आठवड्याला फेरी मारायची अपेक्षा कशी ठेवायची? एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या शाळेत माजी विद्यार्थ्यांची चौकशी करायला पोलीस किती वेळा आले हे मोजलेलं नाही. परिवीक्षा अधिकारी एकदाही आला नाही.

राहिलं अण्णाचं कडं. काश्मीर पोलिसांनी २०२३ च्या नोव्हेंबरात जामिनावरच्या एका आरोपीच्या पायात ते देशात पहिल्यांदा अडकवलं. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की जामीन देताना आरोपीच्या हालचालींवर सतत डोळा ठेवता येईल अशी, मोबाईलवरचं ठिकाण कळवत राहण्याची अट घालता येणार नाही. हा वाद चालू राहील, कडी स्वस्त होत जातील आणि उद्या सरकारं ती घाऊक घेतीलही. कामावर वेळेत पोचण्यापुरती हजेरी त्या कड्याने वाचत असेल तर मी त्याला सरसकट नाहीही म्हणणार नाही. ठाण्यातल्या बाकावर पाच तास बसण्यापेक्षा ते बरं. पण माणूस कुठे आहे एवढंच कडं सांगतं. तिथे तो का आहे, घरात पीठ आहे का, काल पुन्हा प्यायला का, हे विचारायला कुणीतरी दार ठोठवावं लागतं. आणि तो पैसा अजून कुणी मंजूर केलेला नाही.

साखरपुड्याला अण्णाने विचारलं होतं, "तू गप्प का? ओळखतोस का कुणाला यातलं?" मी म्हणालो, वर्गात होता. पुढचं सांगितलं नाही. तो हे वाचेलच, तेव्हा अण्णा, फोन मी केला होता तो याच्याचसाठी, आणि तुझं ऐकलं ती चूक माझी.

परवा बाजारात त्याची बायको भेटली. तो करमाळ्याच्या बाजूला आहे, मिळेल ते काम करतो. तिथल्या ठाण्यात महिन्याला हजेरी आहेच. पोरगी आता पहिलीत जाईल. तडीपारीच्या आदेशाची प्रत तिने प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवली होती, तिथेच भाजीच्या पाटीवर उघडून दाखवली. अपिलाला तीस दिवस असतात. त्यातले अकरा गेलेत. वकिलांनी सोमवारी कागद घेऊन नगरला बोलावलं आहे, मी तिला सकाळच्या एसटीला स्टँडवर यायला सांगितलं आहे.